टाकीतला कापूस

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या उशाशी बसूनही सांगितलं नाही. सख्ख्या मैत्रिणीला नाही, देवापुढेही नाही — देवाला आधीच माहीत असतं म्हणतात, मग त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी फटफटीचं सांगावं लागेल. नाही, आधी नानांचं.

नाना म्हणजे माझे वडील. धरणगावला एका जिनात ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं त्यांच्या हातावर चालायची. घरी आले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव असायची. अक्का, म्हणजे आई, त्यांना दाराबाहेरच झटकायची. त्यांची एकच चैन — कुणा गोऱ्या साहेबाच्या मागे राहिलेली जुनी विलायती मोटरसायकल. ती त्यांनी मोडक्या अवस्थेत घेतली आणि स्वतः उभी केली. सगळं गाव तिला नानांची फटफटी म्हणायचं.

त्या फटफटीचा कार्बुरेटर उघडायला नानांनी मला शिकवलं. भाऊला नाही, मला. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, पण त्याला हात काळे झालेले चालायचे नाहीत. मी परकर खोचून नानांच्या शेजारी बसायची. तळातली वाटी काढायची, पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी जेट काढून उजेडासमोर धरायचं, तोंडाने फुंकर मारायची. जिभेवर पेट्रोलची चव यायची. नाना म्हणायचे, हिला कान आहे. इंजिन जरा भुकेलं, म्हणजे पेट्रोल कमी मिळून, चाललं तरी मला आवाजावरून कळायचं — हे खोटं नाही. आणि हो, चालवायलाही त्यांनीच शिकवलं, जिनामागच्या मोकळ्या मैदानात.

बारावीनंतर मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. नाना हो म्हणाले होते.

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी फटफटीने चोपड्याच्या रस्त्यावर एका दूधवाल्याला उडवलं. चालवणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधलेला होता, आणि तो थांबला नाही. दूधवाल्याच्या खांद्याचं हाड मोडलं. फटफटी मात्र गावाने ओळखली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचे भाऊबंद दारात आले, तेव्हा भाऊ सरळ म्हणाला, “विमल घेऊन गेली होती.”

मी घरातून ओरडले, मी नव्हते! पण कोण ऐकतं?

थांबा, इथेच संपलं असतं तर मी भाऊला कधीतरी माफही केलं असतं. घाबरलेला पोरगा, खोटं बोलला. पण त्याच दुपारी मी मागच्या खोलीत गेले. भाऊ पालथा पडला होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केलेली. त्याची पोटरी सायलेन्सरला लागून भाजली होती, चांगली तळहाताएवढी. आणि नाना त्यावर मलम लावत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा मलम लावू लागले.

संध्याकाळी नानांनी दूधवाल्याच्या घरी जाऊन हात जोडले. म्हणाले, पोरीकडून झालं, पदरात घ्या. पोरीला कोण तुरुंगात घालतं? मुलगा इंजिनीअरिंगला होता, त्याच्यावर केस नको होती.

मी पॉलिटेक्निकला गेले नाही. रस्त्यावर माणसं तुडवणारी मुलगी अशी ख्याती झाल्यावर नानांना घाई झाली. वर्षाच्या आत धुळ्याला माझं लग्न लागलं. नवरा चांगला होता, म्हणजे मारत नव्हता. मी पोळ्या केल्या, मुलं वाढवली, शेजारणींच्या शिलाई मशीन दुरुस्त करून दिल्या. आणि ती पोटरी विसरले नाही. मला वाटायचं, मी भाऊवर चिडले आहे. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते.

भाऊ इंजिनीअर झाला, पुण्याला एका गाड्यांच्या कारखान्यात लागला. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नव्या मोटारींमधून कार्बुरेटर जायला लागला होता, त्याच्या जागी इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल आत फवारणारी यंत्रणा, येत होतं. भाऊच्या डोक्यात आलं की नानांच्या जुन्या फटफटीलाच इंजेक्शन बसवायचं. कारखान्यात नवी संशोधनाची शाखा निघणार होती, त्याला तिथे जायचं होतं. एवढ्या जुन्या गाडीवर हे करून दाखवलं की साहेब नाही म्हणणार नाहीत, असा त्याचा हिशेब. बाद झालेल्या परदेशी मोटारींमधून पंप, इंजेक्टर आणि कॉम्प्युटरची डबी त्याने मिळवली. सुट्टी मिळेल तेव्हा धरणगावला यायचा आणि अंगणात फटफटी उघडून बसायचा.

नानांना आधी ते पटलं नव्हतं. चालत्या गाडीचं काळीज कशाला काढता, म्हणाले. पण हळूहळू त्यांनाही अभिमान वाटायला लागला. काढलेला कार्बुरेटर त्यांनी धुतला, तेल लावून फडक्यात बांधला आणि कोनाड्यात ठेवला.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी येतातच. झाडाला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणत होत्या, घरात पुरणाचा वास. आणि अंगणात भाऊ, फटफटीजवळ. काम पुरं झालं होतं. खरं बोलायचं तर काम सुंदर होतं. त्याने किक मारली आणि फटफटी पहिल्याच दमात लागली. धूर नाही, खोकला नाही. मला त्याचा हेवा वाटला. हे सगळं मी केलं असतं. मी त्याच्याहून चांगलं केलं असतं!

मी पंपाजवळ वाकून पाहत होते, तर भाऊ म्हणाला, “तुला नाही कळायचं त्यातलं. तू ती वायर धर फक्त.”

मी वायर धरली.

साहेब जळगावला कुठल्याशा समारंभाला येणार होते. भाऊने त्यांना धरणगावला जेवायला बोलावलं. जेवण झालं की भाऊ नानांना मागे बसवून फटफटीवर जळगावला जाणार आणि साहेब जीपमधून मागे मागे येत बघणार, असं ठरलं. मला जळगावला नणंदेकडे जायचं होतं, म्हणून मीही जीपमध्ये.

साहेब यायच्या आदल्या दिवशी शेजारपाजारचे अंगणात जमले होते. गप्पांच्या भरात भाऊ हसत म्हणाला, “ही गाडी साधी नाही बरं. विमलने हिच्यावरून दूधवाला उडवला होता. आठवतं ना, नाना?”

तो मला डिवचत नव्हता. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. त्याला ते खरं वाटत होतं! इतकी वर्षं सांगून सांगून त्याचं खोटं त्याच्यापुरतं खरं झालं होतं. मी नानांकडे पाहिलं. तेव्हा तरी ते बोलले असते — एक शब्द, नुसतं ‘जाऊ दे’ म्हणाले असते, तरी मला पुरलं असतं.

नाना हसले. “पोर धाकली व्हती तवय,” म्हणाले.

जे मी केलंच नाही, त्याची त्यांनी मला चारचौघांत माफी दिली.

त्या रात्री मी शांत झोपले. असं झालं की झोप उडते म्हणतात. माझी नाही उडाली. माझं ठरलं होतं.

सकाळी नानांनी टाकी भरली. इंजेक्शनला कणभर कचरा चालत नाही, असं भाऊने त्यांना बजावून ठेवलं होतं. कार्बुरेटरचं तसं नव्हतं. त्यात घाण गेली तर रस्त्याच्या कडेला बसून फुंकर मारली की काम भागायचं. पंपाच्या जाळीला मात्र धाग्याचा वेढा पडला की पेट्रोल आत जाणं बंद. जिनातल्या माणसाने हे जपायचं म्हणजे कठीण, सगळीकडे लव. म्हणून नानांनी पेट्रोलचा डबा आतून बाहेरून पुसला, दोनदा पुसला. नव्या मलमलचं फडकं दुहेरी करून त्यातून पेट्रोल गाळलं. फडकं उजेडात धरून पाहिलं. मला म्हणाले, “देख, स्वच्छ शे ना?” मी म्हटलं, स्वच्छ आहे.

मी एकटीच तिथे होते. हे लक्षात ठेवा.

साहेब आले. जेवणं झाली. पुरणपोळी आणि आमरसानंतर सगळे जरा आडवे झाले. मी अंगणात गेले. ओट्याखाली सरकीचं पोतं होतं, म्हशीसाठी आणलेलं. सरकीला लव चिकटलेली असते, ती मी ओरबाडली. बोटांनी पिंजून मोकळी केली, अगदी अलगद, वात वळायला कापूस घ्यावा तशी. टाकीचं झाकण उघडलं. थोडी थोडी आत सोडली. केरसुणीच्या हिराने ढवळली. झाकण लावलं, हात धुतले, आणि साहेबांसाठी चहा टाकला.

पाळधीच्या पुढे फटफटी पहिल्यांदा अडखळली. मला जीपमध्ये आवाजावरून कळलं — भुकेलं चाललंय. मग ती बंद पडली. भाऊने वायरी तपासल्या. तेवढ्या वेळात लव जाळीपासून सुटली असणार, गाडी लागली. थोडी पुढे जाऊन पुन्हा बंद. पुन्हा लागली. पुन्हा बंद. वैशाखाचं ऊन. साहेब घड्याळ बघायला लागले. नाना धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून रस्त्याच्या कडेला उभे, आणि प्रत्येक वेळी गाडी लागली की लगबगीने मागे बसायचे.

शेवटी भाऊने पंपाची नळी काढली. जाळी ओढून बाहेर काढली. तिच्यावर कापसाचा ओला बोळा.

साहेबांनी वाकून तो बोळा पाहिला. मग मोठ्याने हसले. म्हणाले, वा, खानदेशात गाड्या कापसावर चालतात वाटतं! ड्रायव्हर हसला. भाऊचा चेहरा मी बघत होते. पण खरं सांगू? मी त्याच्यापेक्षा नानांचा चेहरा जास्त बघत होते.

भाऊ वळला. “नाना! जिनातला डबा! किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!”

“मी गाळेल व्हतं रे,” नाना म्हणाले. “दोन पदरी गाळेल व्हतं.”

“मग हे काय आभाळातून पडलं? उभा जन्म सरकीत गेला तुमचा. दुसरं काय होणार तुमच्या हातून!”

साहेबांसमोर. ड्रायव्हरसमोर. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांसमोर.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं होतं ना सकाळी? मी एकटी. त्यांचे डोळे मला म्हणत होते, सांग. आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान फिरवून पदर सारखा केला.

आता कळलं तुम्हाला? सगळ्यांना वाटेल की हा भाऊवरचा सूड होता. नव्हता. भाऊचं नुकसान जाता जाता झालं. कापूस निवडला तोच मुळी नानांसाठी. साखर टाकता आली असती, माती टाकता आली असती. पण कापसाचा आळ नानांशिवाय दुसऱ्या कुणावर येणारच नव्हता. मला त्यांना तिथे उभं करायचं होतं, जिथे मी उभी राहिले होते. आपण केलं नाही हे ठाऊक असलेलं एक माणूस समोर आहे, आणि ते बोलत नाही. कसं वाटतं ते त्यांना कळायला हवं होतं.

गोड वाटलं मला. नाही कशाला म्हणू? जळगावला नणंदेकडे मी पोटभर जेवले.

भाऊला संशोधनाच्या शाखेतली ती जागा मिळाली नाही. तो पुण्याला निघून गेला आणि पुढे नानांशी तुटक बोलायचा, कामापुरतं. नानांनी पुन्हा हत्यार हातात धरलं नाही. जुना कार्बुरेटर बसवला असता तर फटफटी चालली असती, पण ते तिच्याजवळ जाईनात. वेगळंच खूळ लागलं त्यांना — सगळं गाळायचं. पाणी गाळून पुन्हा गाळायचे, दूध गाळायचे, दिव्यातलं रॉकेलही. अक्का वैतागायची. मी आखाजीला जायची, ते बघायची, आणि धुळ्याला परत यायची.

तुम्हाला वाटेल, इथे तरी माझं मन द्रवलं असेल.

शेवटच्या आजारपणात नानांना भाऊने जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. मी उशाशी होते. दुपारची वेळ, भाऊ औषधं आणायला खाली गेलेला. नानांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला काही वजनच उरलं नव्हतं.

“माय,” म्हणाले, “तू तठेच व्हतीस. मी डबा पुसेल व्हता ना?”

एवढंच विचारायचं होतं त्यांना. इतक्या वर्षांनी. मी हो म्हणायचं होतं. खरं सगळं सांगायचीही गरज नव्हती, नुसतं हो. दोनदा पुसला होता त्यांनी. मला त्या फडक्याचा काठसुद्धा आठवत होता.

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाले, “घाईमा राही गयं व्हई, नाना.”

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, “हां. मन्हीच चूक शे मंग.”

भाऊ औषधं घेऊन आला. नानांनी त्याच्यापुढे हात जोडले. मी उठून त्याला बसायला जागा करून दिली.