आत्ता नाही, परत ये

माझी वहिनी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणून मोकळी व्हायचे. माझी हयात मोर्च्यांत आणि साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकांवर गेली. खुर्चीत बसून बोटं हलवणाऱ्या माणसाचं मला काय कौतुक असणार?

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. बस डेपोच्या फाटकावर भोंग्याशिवाय सभा घेणारा माणूस! वहिनीने भंगारात निघालेल्या एका लॅपटॉपवर बोलणारं यंत्र बसवलं. बाबा टाइप करायचे, ते बोलायचं. "चहा द्या", "पंखा बंद करा" अगदी झकास. पण वाक्य जरा लांबलं, की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं किंचाळायचं.

अशात डेपोचं वर्कशॉप विकायचा ठराव डेपो चालवणाऱ्या सोसायटीच्या सभेपुढे आला. बाबांना त्यावर बोलायचं होतं.

"तुम्ही लिहून द्या, मी वाचते," मी म्हटलं.

बाबांनी खटाखट बटणं दाबली. यंत्र म्हणालं, "माझं मी बोलेन. तू गप्प बस." एवढं मात्र स्वच्छ!

माझा पारा चढला. तशीच वहिनीच्या खोलीत शिरले. "काय गं, चहा मागण्यापुरतंच बनवलंस का हे?"

"बसा वन्सं. ओरडून दुरुस्त होत असतं, तर तुम्हाला आधीच बोलावलं असतं."

बसले. बसले म्हणूनच पाहिलं.

"प्रोग्रामला स्वतःच्या हाताने काहीच करता येत नाही," ती म्हणाली. "फाइल उघडायची, आवाज काढायचा, सगळं कर्नलकडे मागायचं."

"सैन्यातला कर्नल?"

"मशीनच्या गाभ्यातला. रुबाब तोच."

"म्हणजे सरकारी खिडकी."

"खिडकीच. आणि त्या खिडकीपर्यंतची वाट मी लिहिते."

ती आणि तिचे काही दोस्त जुन्या, दमलेल्या मशीनसाठी सी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी, म्हणजे अशा तयार वाटांचा संच, लिहीत होते. बाबांचं यंत्रही त्याच वाटांवर चालायचं. प्रोग्राम नुसतं 'हे लिही' म्हणतो. त्या एका शब्दामागे वहिनीच्या असेंब्लीतल्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या बोलीतल्या, चारदोन ओळी असतात. कुठलं काम, त्याचा नंबर एका ठरलेल्या कप्प्यात. कुणाला द्यायचं, कुठून उचलायचं, किती उचलायचं, ते आपापल्या कप्प्यांत. मग एकच शब्द: सिस्कॉल. तिथे प्रोग्राम जागीच थबकतो, सगळा कारभार कर्नलच्या हाती जातो, आणि काम झालं की प्रोग्राम पुढच्याच ओळीवर जागा होतो, मधे काही घडलंच नाही असा. बोटाएवढा शब्द तो! पडद्यावर उमटणारं प्रत्येक अक्षर असल्याच कुठल्यातरी उंबऱ्यावरून येतं, म्हणाली. मी त्या शब्दाकडे बघतच राहिले.

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"मग उणे आकडा येतो. तो आकडा म्हणजेच कारण."

"कारणासकट नकार? दर वेळी?"

"दर वेळी."

माझ्या उभ्या आयुष्यात मला खिडकीवरून असा नकार आपसूक मिळाला नव्हता. मिळवायला गळा फाडावा लागला होता.

वहिनीने बाबांचं लांब वाक्य यंत्रात घातलं आणि एकेक पाऊल थांबवत चालवलं. एका जागी तिचा हात थांबला. कप्प्यात होतं, उणे अकरा.

"म्हणजे?"

"आत्ता नाही, परत ये. आवाजाचा डबा भरलाय, थोडा रिकामा होऊ दे." मग ती एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "मुलखाची वेंधळी मी! बाकी प्रत्येक वाटेवर नकार तपासलाय. ही सगळ्यात आधी लिहिलेली, हिच्यात नाहीच!"

तपासणी असती, तर कारण बाजूला ठेवून प्रोग्रामच्या हाती फक्त उणे एक पडलं असतं. नकाराची खूण तेवढीच त्याला कळते. इथे उणे अकरा तसंच पोचलं. त्याला वाटलं, आपला माल घेतला. जितका माल घेतला तितकं पुढे सरकायचं हा त्याचा हिशेब, पण आकडा उणे, म्हणून तो अकरा बाइट मागे सरकला. आवाजाचा कण दोन बाइटांचा. अकरा मागे गेलं की कण मधोमध चिरतो. किंचाळायचा तो हा चिरलेला कण.

'आत्ता नाही'ला 'घेतलं' समजून परत फिरणारी माणसं मी ढिगाने पाहिलीत. मशीनही तसंच फसावं! वहिनीने उणे ओळखणाऱ्या दोन ओळी आणि कारण जपून ठेवणाऱ्या चार घातल्या. मी श्वास रोखून बसले होते, एखादा साहेब सही करत असताना बसावं तशी.

सभेत बाबा सावकाश टाइप करू लागले. मागून कुणीतरी "आटपा हो काका" म्हणालं. अध्यक्षांनी आभारासाठी माइक ओढला. मी उठणार, तेवढ्यात वहिनीने माझा पदर धरून खाली बसवलं.

आणि यंत्र बोललं. "ज्या वर्कशॉपमध्ये आम्ही तुमच्या बापांच्या बस जुळवल्या, ते विकायचं तर आधी इथल्या प्रत्येक मेकॅनिकला उभं करा आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगा, की उद्यापासून त्याने कुठे जायचं."

एकही ओरखडा नाही. त्या एका वाक्यात किती वेळा 'आत्ता नाही' ऐकून ते माघारी वळलं असेल, किती वेळा तेच मागणं घेऊन पुन्हा खिडकीशी गेलं असेल! सभागृहात कुणाला काही कळलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता.

अध्यक्ष माइककडे वाकले. "काकांचे आभार मानून..."

"थांबा," यंत्र म्हणालं. "माझं व्हायचंय."

अध्यक्ष खाली बसले. बाबांनी चष्मा नीट केला आणि पुढचं बटण दाबलं.