मामांना रेंज लागते

माझ्या सासऱ्यांना रेंज लागते.

कुणाला ऊन लागतं, कुणाला नजर लागते, आमच्या मामांना मोबाइलची रेंज लागते. फोन जवळ आला की कपाळ ठणकतं, कानात भुंगा शिरतो. वरवंडला त्यांच्या घरी गेलं की उंबऱ्यातच फोन बंद करून बाजरीच्या पत्र्याच्या डब्यात पुरायचा. (माझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकातून अजून बाजरी निघते!) डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी रांजणगावला कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला असल्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज. मी बायकोला, मनीषाला, खासगीत सांगून टाकलं, "हे सगळे मनाचे खेळ आहेत."

"माझ्या बापाचं मन खेळणारं न्हाई," ती म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस कारेगावातल्या आमच्या घरातली रेंज गेली.

पण यंदा प्रसंग बाका आला. सुनेच्या बाळंतपणासाठी मामी बंगळूरला मुलाकडे गेल्या. नातू झाला. घरची वीस मेंढरं टाकून मामांना जाता येईना. आठवड्यातून एकदा शेजारीण मामींना फोन लावून अंगणाच्या एका टोकाला उभी राहायची आणि मामा दुसऱ्या टोकाहून ओरडायचे. त्यामुळे त्यांचा संसार अख्ख्या आळीला तोंडपाठ झाला होता. आता रविवारी बारसं होतं.

"पाव्हणं," मामा मला म्हणाले, "मला सोसंल असा एखादा कॉम्प्युटर बघा. जास्त काय न्हाई, पोराचं नाक कुणावर गेलंय तेवढं बघतो."

बोलताना त्यांनी नजर मेंढरांकडे वळवली होती. मला गलबलून आलं. आम्ही दौंडला दुकानात गेलो.

मामांनी उभा जन्म मेंढरं पारखली. त्यांनी पहिल्या लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला. "ह्यो तापट हाय." दुसऱ्याला कान लावला. "ह्याचं पोट गुरगुरतंय." तिसऱ्याचा जबडा उघडून आतली बटणं बघितली. "दात लई हायेत. वय झालेलं दिसतंय."

"आजोबा, हा कालच आलाय!" दुकानदार कळवळला.

"बाजारात समदी कालचीच असत्यात."

"अहो, ह्यात वायफाय आतच आहे!"

मामा तीन पावलं मागं सरले ते माझ्यावर, आणि मी प्रिंटरांच्या राशीवर! राशीतून उठून मी माझं ज्ञान पाजळलं. वायफाय नसलेला, टेबलावरचा, जुन्या वळणाचा कॉम्प्युटर घ्यायचा. इंटरनेटसुद्धा वायरनंच आणायचं. वायरी बघून मामांचा चेहरा खुलला. "ह्ये बरं. दाव्याला बांधल्यालं जनावर कुठं जातंय?"

शनिवारी दुपारी मी जोडणी केली. भिंतीवरचं बटण दाबलं. मामांनी नव्या मेंढराला गोंजारावं तसा पत्र्याच्या खोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"मुंग्या आल्या."

"मामा, ह्याला रेंजच नाही!"

"मला कळंना व्हय?"

आता मात्र माझ्यातला मेंटेनन्सवाला पेटला. म्हटलं, परीक्षाच घेऊ. मामांनी डोळे मिटायचे, खोक्याला हात लावायचा आणि बटण चालू की बंद ते सांगायचं. मी दहा वेळा बटण खालीवर केलं. मामा दहाही वेळा बरोबर! अकराव्यांदा मी बटण चालू ठेवून म्हणालो, "आता बंद केलंय."

"चालू हाय, पाव्हणं. खोटं बोलू नका."

"हे बघा, मी हात लावतो. मला काही होतंय का?" मी छाती काढून हात लावला. काहीच झालं नाही.

"बूट काढा की," मामा डोळे मिटूनच म्हणाले.

मी बूट-मोजे काढले. फरशी मनीषानं नुकतीच पुसलेली. अख्खा तळवा खोक्यावर ठेवला आणि असा उडालो की थेट मनीषाच्या पायावर!

मामांनी एक डोळा उघडला. "मनाचा खेळ असंल." (म्हणजे मनीषानं सांगितलं होतं तर!)

मी तणतणत भिंतीवरचा बोर्ड उघडला. करंट जमिनीत उतरवायची हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कशालाच जोडलेली नव्हती. आत गुंडाळी करून निवांत झोपली होती.

"कुठल्या गाढवानं केलीय ही फिटिंग?" मी गरजलो.

मनीषा भिंतीकडे बघू लागली. मामा भिडस्तपणे आढ्याकडे बघू लागले. आणि मला आठवलं. लग्नाच्या वर्षी सासुरवाडीवर छाप पाडायला सगळी फिटिंग मी एकट्यानं केली होती! त्याबद्दल टॉवेल-टोपी घेतली होती, पुरणपोळ्या हाणल्या होत्या आणि "अर्थिंगचं पुढच्या खेपेला बघू" म्हणून निघून गेलो होतो. त्याला अकरा वर्षं झाली. कारखान्यात मात्र 'अर्थिंग तपासल्याशिवाय मशीनला हात लावू नये' ही पाटी माझ्याच सहीची! फ्रिजला, इस्त्रीला हात लावताना अकरा वर्षं हा माणूस मुंग्या सोसत होता आणि मी त्याला हसत होतो. मला फार लाज वाटली.

ऊन उतरायच्या आत मी घरामागं स्वतः खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, वायर जोडली. रविवारी मामांनी खोक्यावर हात ठेवला. "गप हाय." मग पडद्यावर पाळणा आला, पाळण्यात नातू आला.

"नाक माझ्यावर गेलंय!" मामा जुन्या सवयीनं ओरडले. डोळे मात्र भरले होते.

"अवं, वरडू नका, ऐकू येतंय!" मामी तिकडून म्हणाल्या.

मोबाइलनं मामांचं कपाळ अजूनही ठणकतं. मी वाद घालत नाही. मुकाट्यानं फोन बाजरीत पुरतो. अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो, म्हणून मामा रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओततात. येणारा-जाणारा विचारतो, "आबा, हितं काय पुरलंय?"

मामा शांतपणे सांगतात, "जावई लागला व्हता. हितं उतरवलाय."