काकांची बोटं
हुडकेश्वरमधल्या आमच्या कॉलनीच्या टेबल टेनिस स्पर्धेत माझ्यासमोर शेजारचे निवृत्त काका होते. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर ठेवावा लागतो. काका तो बोटांत धरून उडवत, आणि चेंडू विचित्र फिरत येई. मला संशय आला. मी पंचांना सांगितलं.

"काका, हात काहून उघडत नाही?" पंचांनी विचारलं.

"बोटं सरळ होत नाही गा. जुनं दुखणं हाय."

पंचांनी त्यांना सूट दिली आणि मी हरलो. बक्षीस समारंभात काका टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे मला सपाट दिसले. आजही ते भेटले, की माझी नजर आधी त्यांच्या बोटांकडे जाते.