विहीणबाई आणि लाल पिंप

नवी वस्तू समोर आली आणि आमच्या विहीणबाईंनी तिला हात लावला नाही, असं या पृथ्वीवर अजून घडलेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. मुळशी तालुक्यातल्या भरे गावच्या, पिढ्यानपिढ्या भाताची शेती, वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर नऊवारी, आणि डोळे मात्र जत्रेत मोकळ्या सोडलेल्या पोरीचे. आम्ही मूळचे जालन्याकडचे. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला, त्यानं तिथंच जवळ चांद्याला फ्लॅट घेतला, आपल्याच ऑफिसातली मुलगी पसंत केली, आणि मला उतारवयात ही मैत्रीण मिळाली. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा सोफ्यावर बसायच्या आधी त्यांना ट्रेडमिल दिसलं. आमच्याकडं त्याचा उपयोग टॉवेल वाळवायला. त्यांनी टॉवेल काढून घडी करून ठेवले, मशीन चालू करून घेतलं, आणि माझ्या हातातली मेथी घेऊन चालता चालता निवडायला लागल्या. दोन जुड्या झाल्यावर खाली उतरून म्हणाल्या, "इनबाई, यंत्र ब्येस हाय. पर गाव काय येत न्हाई."

मॉलमधल्या सरकत्या जिन्याचंही तेच. मी रामनाम घेत एकदाची वर पोचले, तर या सहा वेळा वर-खाली करून आल्या. सातव्या वेळी जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून घाबरणाऱ्या बायांना हात धरून चढवू लागल्या. तिथल्या रखवालदाराला वाटलं, मॉलनंच या कामाला बाई नेमली असेल. त्यानं त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. तीही फिरती खुर्ची निघाली, म्हणजे आणखी अर्धा तास गेला.

तर अशा बाईंना आणि त्यांच्या थोरल्या मुलाला घेऊन आम्ही सगळे मे महिन्यात मुळशीच्या धरणाकाठी दोन दिवस सुट्टीला गेलो. तंबू, झाडं, आणि समोर हे एवढं पाणी. माझ्यासारखीनं पाणी पाहिलं ते टँकरच्या नळीतून, हंडा भरेपर्यंत. इतकं पाणी एकत्र बघून मी खुर्ची काठापासून दहा हात मागं ओढून घेतली. विहीणबाईंना मात्र मुळशीचं पाणी म्हणजे परसदार. त्यांचं माहेर काठावरचंच, लहानपणी म्हशीची शेपटी धरून पोहलेल्या. आधी त्यांनी नाकच मुरडलं, म्हणाल्या, आपलंच पाणी बघायला सुट्टी कशाला काढायची. पण काठावर रंगीत होड्या दिसल्या, फळ्या दिसल्या, माणूस आत घालून पाण्यावर सोडायचा तो काचेसारखा फुगा दिसला, आणि बाई हरवल्या.

पहिल्यांदा त्या फुग्यात गेल्या. काष्टा घट्ट मारून, कुंकू पुसलं तर नाही ना हे मला विचारून. मग धुण्याच्या मशीनमधल्या लुगड्यासारख्या दहा मिनिटं गरगरल्या. बाहेर आल्या त्या आशीर्वाद दिल्यासारखा हात करून, झोक जात होता म्हणून. मग ती उभं राहून वल्हवायची फळी. पाच वेळा पडल्या. सहाव्या वेळी उभ्या राहिल्या आणि राहिल्याच. शिकवणाऱ्या शिट्टीवाल्या गड्यानं टाळ्या वाजवल्या तर म्हणाल्या, "मास्तर, वाजवू नका, तंद्री जातीया."

मी हसत होते. पण चहाच्या वेळी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या, तेव्हा कळलं की या सगळ्या उड्यांच्या मागं काहीतरी सलतंय. गेल्या लावणीच्या वेळी भातखाचरात रोप लावता लावता त्यांचा गुडघा धरला. उठताच येईना. थोरल्या मुलानं सगळ्या बायांच्या देखत आईला उचलून बांधावर आणून ठेवलं. तेव्हाच त्यानं सांगून टाकलं, पुढच्या सालापासून खाचरात पाय घालायचा नाही. दहा वर्षांच्या असल्यापासून त्यांची एक लावणी चुकलेली नव्हती. बाळंतपणंसुद्धा त्यांनी लावणी सांभाळून केली होती, असं त्या सांगत. आता म्हणाल्या, "यंदा मला बांधावर बसायचंय. छत्रीखाली. चहा द्यायला." एवढंच. मग कप बशीत उपडा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना त्यांनी लावणीचा विषय काढला. थोरला वैतागलेला होता, आदल्या दिवसाच्या पाच पडण्यांनी त्याचा जीव पाच वेळा वर-खाली झालेला. पाण्यात लांब एक लाल पिंप तरंगत होतं, होड्यांनी त्यापलीकडं जायचं नाही अशी खूण म्हणून. त्याच्याकडं बोट करून तो म्हणाला, "आये, त्या पिंपाला वळसा घालून हितवर ये. मग जा चिखलात."

विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. "इनबाई साक्षीला हायेत," म्हणाल्या, आणि साक्षीदार होडीतच असला पाहिजे असं परस्पर ठरवून टाकलं. मला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. अंगात ते फुगीर जाकीट चढवून मला दोघींच्या कयाकमध्ये, म्हणजे एका लांबट अरुंद होडीत, मागं बसवलं. त्या पुढं. दुसऱ्या होडीनं थोरला येतो म्हणाला, तर त्याला काठावरच थांबवलं.

आणि होडी गोल फिरायला लागली. काही केल्या पुढं जाईना. एक प्रदक्षिणा, दोन प्रदक्षिणा, मास्तर शिट्ट्या वाजवतायत, मी डोळे मिटून कुलदेवतेला काय काय बोलतेय. तिसऱ्या प्रदक्षिणेला होडी काठाला टेकली, तशा विहीणबाई तिथंच उठून वळल्या, आणि माझ्याकडं तोंड करून, जायच्या दिशेला पाठ करून बसल्या. म्हणाल्या, "साठ वर्सं मागं मागं सरत रोप लावलंय. मला म्होरं जायला जमत न्हाई."

मग त्यांनी वल्हं पाण्यात घातलं आणि पाणी पुढं लोटत निघाल्या, पाठीच्या दिशेनं. होडी अशी सरळ चालली की काय सांगू, दोरी धरून लावलेल्या रोपाची ओळच. समोर त्यांचं तोंड आणि त्यांच्या खांद्यावरून मला ते लाल पिंप. रस्ता सांगायचं काम माझं. पण माझं डावं ते त्यांचं उजवं, त्यावरून भर पाण्यात आमचं भांडण झालं. शेवटी दोन बाजूंच्या गावांवरून 'पौडाकडं घ्या' आणि 'ताम्हिणीकडं घ्या' असं ठरलं, मग सुरळीत झालं. एकदा तरी मागं वळून बघा, असं मी म्हटलं. म्हणाल्या, लावणीत कोण मागं बघतं, टाचेला बांध लागला की कळतंच. मास्तरांच्या शिट्ट्या आता बंद झाल्या होत्या. कुणीतरी काठावरून हाका मारत होतं, त्या हाकाही लांब गेल्या.

पिंप आलं. विहीणबाईंनी जाता जाता त्याला हात लावला, लहान वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. वळसा घेतला आणि आम्ही परत निघालो. आता काठ मला दिसत होता, त्यांना नाही. मी सांगत होते, माणसं गोळा झालीत, तुमची लेक हात हलवतेय, थोरला कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात उभा आहे. त्यांच्या कपाळावर घाम, श्वास मोठा, पण वल्हं थांबत नव्हतं. म्हणाल्या, "त्याला म्हनावं, बाजूला सर. बांध लागू दे."

लागला. टाळ्या झाल्या, शिट्टी झाली. आणि मी पाहिलं, विहीणबाई उठत नाहीत. दोन्ही हात गुडघ्यावर, आणि नजर माझ्या डोळ्यांत. गुडघा धरला होता. थोरला हात पुढं करून जवळ येत होता. त्यानं आत्ता आईला उचललं असतं, तर लाल पिंपाचा काय उपयोग होता?

मला आयुष्यात कधी नाटक करता आलं नाही, पण त्या दिवशी आलं. मी मोठ्यानं कण्हत म्हटलं, माझे पाय मेले, मला आधी उतरवा कुणीतरी. आणि एका बाजूला अशी कलले की थोरला, माझा मुलगा, मास्तर, सगळे माझ्यावर धावले. मला चौघांनी उचलून गवतावर ठेवलं, पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. तेवढ्यात विहीणबाई वल्ह्याची काठी करून हळूहळू उठल्या, चालत माझ्याजवळ आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इनबाईंना पान्याची सवय न्हाई." एक डोळा बारीक करून.

थोरल्यानं शब्द पाळला. जुलैत विहीणबाई खाचरात उतरल्या, आणि त्यांच्यासाठी आणलेल्या छत्रीखाली बांधावर मी बसले, चहाचा थर्मास घेऊन. हातातल्या मुठीतून रोप सुटत होतं, चिखलात उभं राहत होतं, आणि त्या एक एक पाऊल मागं सरत होत्या. तीन ओळी लावल्या. चौथी अर्ध्यावर आली आणि त्या थांबल्या. उरलेली मूठ शेजारणीच्या हाती दिली, स्वतःच वर आल्या, माझ्याशेजारी टेकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दोघींच्या डोक्यावर ती छत्री अपुरी पडत होती, माझा डावा खांदा भिजत होता, त्यांचा उजवा. त्या आपल्या साडेतीन ओळींकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मागं सरत लावलं ना इनबाई, की लावलेलं समदं म्होरं दिसत राहतंय."

पुढच्या लावणीसाठी मी मोठी छत्री आणून ठेवली आहे, दोघी नीट मावतील अशी. त्यांना अजून सांगितलेलं नाही. नवी दिसली की उघडून बघतील.