शेवटची ओळ

सगळा रस्ता त्यांना नंबरकाका म्हणायचा. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि एकदा का कुणाच्या डोळ्यांचा नंबर काढला की तो ते जन्मभर विसरायचे नाहीत. माणसांची नावं मात्र साफ विसरायचे. वाटेत कुणी भेटलं की, "काय उणे तीन, बरं आहे ना?" असं विचारून मोकळे. समोरच्या शिंप्याला चाळिशी लागली होती, पण पठ्ठ्या कबूल करायला तयार नव्हता. हात लांबलांब करून सुईत दोरा ओवायचा. काका दारातून ओरडायचे, "आता हात पुरायचे नाहीत हो, थोडे लांब शिवून घ्या!"

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. डोळे तपासायला लागतं तेवढंही अंतर तिच्यात मिळत नव्हतं. म्हणून अक्षरांचा चार्ट गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे, डोक्याच्या वर टांगलेला होता. त्यावरची अक्षरं उलटी छापलेली, ती समोरच्या आरशात सुलटी दिसायची. वर तळहाताएवढं एकच अक्षर, मग ओळीओळीने बारीक होत गेलेली, आणि शेवटची ओळ तर मुंग्यांची रांग.

याच खुर्चीत त्यांची एकुलती एक लेक वाढली. उशिरा झालेली, त्यामुळे अंमळ जास्तच लाडाची. घरात तिला ठकी म्हणायचे. आई कामाला लागली की ठकी दुकानात. काकांनी तिला अक्षरं शिकवली तीही त्या चार्टवरूनच. पाटी नाही की पुस्तक नाही. आरशाकडे बोट करायचं आणि म्हणायचं, "हा र, हा ग, हा म." शाळेत जायच्या आधीच पोरीला अख्खा चार्ट तोंडपाठ झाला. काका येईल त्या गिऱ्हाइकासमोर तिला म्हणायला लावायचे आणि स्वतःच फुगायचे.

दर वाढदिवसाला ते तिचे डोळे तपासायचे. आधी डावा झाकायचा, मग उजवा. दोन्ही वेळा ठकी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणायची. काका टाळी वाजवायचे. "घारीची नजर आहे पोरीची! हिच्या भरवशावर दुकान चालवायचं तर उपाशी मरू!"

काकूंच्या मनात मात्र काहीतरी खुपत होतं. "अहो, ती पाणी ओतते ते पेल्याच्या बाहेर. चेंडू तोंडावर आदळेपर्यंत तिला कळत नाही. एकदा नीट बघा ना."

"वेंधळी आहे गं. तुझ्यावर गेलीय," काका म्हणायचे आणि खो खो हसायचे. हजार लोकांच्या डोळ्यांत डोकावलेला माणूस, पण बायकोचं एवढं साधं बोलणं त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्याला काय म्हणावं!

ठकी दहा वर्षांची झाली त्या वर्षी शाळेत मुलांचे डोळे तपासले. तपासणाऱ्या बाईंच्या चार्टवर अक्षरं नव्हतीच. तीन दातांच्या काट्यासारख्या खुणा होत्या, आणि काट्याचे दात कुठल्या बाजूला आहेत एवढं हाताने दाखवायचं होतं. उजव्या डोळ्याने ठकीने सगळं बरोबर दाखवलं. डाव्याने सगळ्यात मोठा काटासुद्धा तिला सांगता आला नाही. बाईंनी काकूंना बोलावून घेतलं आणि डॉक्टरांकडे लगेच न्या म्हणून बजावलं.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या पोरीचे डोळे त्या बाई मला सांगणार?" ते दोघींना तडक दुकानात घेऊन गेले. ठकीला खुर्चीत बसवलं, उजवा डोळा झाकला. "म्हण गं."

ठकीने म्हटलं. शेवटच्या ओळीपर्यंत, एकही चूक नाही. काकांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू लढाई जिंकली.

काकू आरशापाशी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. "ठके, किती बोटं आहेत?"

ठकी खुर्चीत चुळबुळली.

"सांग ना बाळा."

"आई, हे मला पाठ नाहीये," ठकी म्हणाली. मग बापाकडे वळून विचारलं, "बाबा, उजव्याने वाचायचं आणि डाव्याने आठवून म्हणायचं, असंच असतं ना?"

काकांचा हात तिच्या डोळ्यावरून गळून पडला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून खूप मोठा. त्या डोळ्याकडून मेंदूला कधी स्वच्छ चित्र मिळालंच नाही, म्हणून मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणंच सोडून दिलं. याला आळशी डोळा म्हणतात. "चार-पाच वर्षांची असताना आणली असतीत तर चष्मा आणि पट्टीवर बहुतेक भागलं असतं. आता उशीर झालाय. वर्षभर प्रयत्न करू. कुणाच्याच लक्षात आलं नाही का हो?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

चष्मा काकांनी स्वतः केला. डावं भिंग घासताना ते जेवायला उठले नाहीत. भिंग बिनचूक उतरलं, आणि ठकीला त्यातून पूर्वीइतकंच दिसलं. शाळेतून आली की तिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची. मग ती घरभर ठेचकाळायची. वहीत नाक खुपसूनही ओळ सापडायची नाही. "काढा ना, बाबा, थोडाच वेळ," म्हणून रडायची, आणि काका तिचे हात धरून बसायचे. वर्षभर हेच. हळूहळू ती रडायची थांबली. बापाचा चेहरा बघायला शिकली. काकांनी लोकांना नंबराने हाक मारणं सोडलं. शिंप्याने एक दिवस चक्क चष्मा लावला आणि दारात येऊन उभा राहिला, की काका काहीतरी चिडवतील. काकांनी नुसती मान हलवली.

डॉक्टरांच्या शेवटच्या भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी चौकटीतला जुना चार्ट काढला आणि त्या जागी काट्यांचा लावला. कुणाला बोलले नाहीत.

संध्याकाळी काकू ठकीला दारात सोडून भाजी आणायला गेल्या. पट्टी लावलेली ठकी चाचपडत खुर्चीपर्यंत आली आणि चढून बसली.

"बाबा, आज परीक्षा घ्या ना. मला दिसायला लागलंय."

काका काही बोलायच्या आत तिने मान पुढे काढली, डोळा बारीक केला. "र," ती म्हणाली. मग थांबली. "ग... नाही नाही. हां, ग. मग म." खुर्चीत बसून गिऱ्हाइकं अडखळतात तशीच अडखळत, मधेच डोळा चोळत ती एकेक ओळ उतरत गेली. पहिल्याच अक्षराला काकांना सगळं कळलं होतं. आरशात वरपासून खालपर्यंत काटेच काटे होते.

शेवटच्या ओळीत तिने मुद्दाम एक अक्षर सोडलं. "एवढं एक नीट दिसत नाही हं, बाबा. बाकी सगळं दिसलं."

ठकी मान वर करून, ते जिथे असतील असं तिला वाटलं तिकडे बघत वाट पाहत होती.

"टाळी नाही वाजवणार?"

त्यांनी टाळी वाजवली.