बसल्या जागी

फोन आला तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर झाकण काढून उघडा ठेवलेला होता आणि मी त्याच्याशी भांडत होते. सकाळपासून तीनदा हँग झालेला. पलीकडून मामांचा मुलगा बोलत होता. "दादा गेले. चहा घेतला, कप खाली ठेवला... बसल्या जागी गेले." माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "भलतंच काय सांगतोस, मामा बसतील कशाला?" त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, धक्क्यानं हिचं डोकं फिरलंय. पण ज्यांनी दौलतमामांना पाहिलंय त्यांना कळेल मी असं का बोलले. माझे हे मामा, आईचे थोरले भाऊ, कधी बसायचेच नाहीत. आता काही आठवडे झाले. मामा गेले हे मी मानलंय, पण ते बसले होते हे अजून पटत नाही.

साखर कारखान्यात नोकरी होती तेव्हा आठ तास उभ्यानं काम, सुटी झाली की सायकलवर टांग. मामांचा जलसा होता. ढोलकी, पेटी, चार गडी, आणि लोकांना शहाणं करायची गाणी. कोपरगावच्या आसपासची गावं तर झालीच, पण खाली श्रीगोंद्यापासून वर राजूरच्या डोंगरापर्यंत जिथून बोलावणं येई तिथं मामा जात. रिटायर झाल्यावर जलसा मोडला, साथीदार थकले. मामांच्या पायाला मात्र भिंगरी ती भिंगरीच. जेवायला पाटावर बसले तरी एक गुडघा वर असायचा, कुणी हाक मारली की उठायला बरं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रत्ने, ल्हानपनी आमाला वर्गाच्या भायेर लई बसवलं. दारापशी. धडा आत, आमी भायेर. तवाच काय बसायचं ते बसून घेतलं." हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

त्याच दारातून त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं आलं. 'बाकावरती बस गं बाई, बाकावरती बस.' त्या गाण्याची एक गंमत होती. जलसा ज्या गावात, त्या गावात मामा दिवसा फिरून विचारून ठेवत, वस्तीतली कुठली पोरगी शाळेत जाते. शेवटच्या कडव्यात तिचं नाव येई. 'दौलत म्हणे, कमल बसली, उघडा पुढचा धडा.' दुसऱ्या गावात कमलची शेवंता व्हायची. पोरगी लाजून आईच्या पदरात तोंड लपवी आणि अख्खी वस्ती टाळ्या वाजवी. आमच्या गावात एकदा रत्ना बसली होती. मी दुसरीत होते. त्यानंतर शाळा बुडवायची माझी काही छाती झाली नाही.

तीच रत्ना पुढे कोपरगावात डीटीपीचं दुकान टाकून बसली. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल. कॉम्प्युटर नगरच्या एका कचेरीनं टाकून दिलेला, आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा. त्यात दुकान पिठाच्या गिरणीला खेटून. गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, बंद असली की उडालेलं पीठ खाली बसायचं, ते नेमकं कॉम्प्युटरच्या पोटात. उन्हाळ्यात तर विचारू नका. लग्नसराई ऐन रंगात आणि नवरीच्या नावाच्या दुसऱ्या अक्षरावर कॉम्प्युटर ढिम्म. कीबोर्ड बडवा, माउस आपटा, पडदा दिसतोय तसा दिसतोय, हलत काही नाही. दाबून बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी काय काय केलं नाही? भिंतीपासून हलवला, स्टॅबिलायझर लावला, सायकलच्या पंपानं पीठ उडवलं, मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासली. नगरहून मेकॅनिक आला. आतला छोटा पंखा पिठानं जाम झालाय म्हणाला, नवीन बसवला. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

मामांच्या गाण्यांचं पुस्तक करायचं खूळ माझंच. गाणी कुठं लिहिलेली नव्हती, सगळी तोंडात. मामांच्या छातीत कळा येऊ लागल्या होत्या, नि मला घाई झाली होती. ते दुपारी एसटीनं यायचे. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक होतं, त्याच्यावर आपली पिशवी बसवायचे आणि स्वतः दारापासून काउंटरपर्यंत येरझाऱ्या घालत गाणी सांगायचे. मी टाइप करायची. हँग झालं की म्हणायचे, "तापलंय बिचारं. लई बोलतोय आपुन." मग कागदाच्या रिमचा पुठ्ठा घेऊन उघड्या कॉम्प्युटरला वारा घालायचे, तोही उभ्यानं. हरवलेलं कडवं पुन्हा विचारलं की ते निराळंच यायचं. मी चिडायची. "मामा, मघाशी असं नव्हतं." ते म्हणायचे, "मघाचं त्यानं गिळलं. ह्ये ताजं हाय."

बाकीची गाणी कशीबशी झाली. 'बाकावरती'चं शेवटचं कडवं मात्र अडून बसलं. पुस्तकात नाव कुणाचं घालायचं? रोज मामा वेगळी पोरगी सांगायचे, रोज मी खोडायची. एके दिवशी मी हातच टेकले. "मामा, छापल्यावर बदलता येत नाही. एकच नाव सांगा, कायमचं." मामा दारात जाऊन थांबले. रस्त्याकडे बघत, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "गिरजा घाल."

गिरजा म्हणजे माझी आई. आई शाळेची पायरी चढलेली नाही. मामा दाराबाहेर का होईना शिकले, तिला तेवढंही मिळालं नाही. ती धाकट्या भावंडांना सांभाळत राहिली. इतक्या गावांतल्या इतक्या पोरी त्या गाण्यात बसल्या, सख्खी बहीण कधी बसली नव्हती. मी टाइप केलं, 'दौलत म्हणे, गिरजा बसली,' आणि कॉम्प्युटर हँग झाला.

मला रडूच आलं. सेव्ह केलेलं नव्हतं. मी बंद करायला हात घातला, तर मामांनी मनगट धरलं. "आता ह्ये जानार?"

"बंद केलं की जाणार. आणि असं तापत ठेवलं तर मशीनच जाईल."

"जाऊ दे गेलं तर. गिरजाला बोलीव."

आमचं घर मागच्याच गल्लीत. आई पिठाच्या हातांनी तशीच आली, तिला वाटलं भावाला काही झालं. मामांनी तिला पडद्यापुढे आणलं आणि काचेवर बोट ठेवलं. "ह्ये बघ. ह्ये तुझं नाव." ग-ची वेलांटी, र, ज-चा काना... एकेक अक्षर बोटानं दाखवलं. आईनं मशीनला हात लावून बघितला, "दादा, लई तापलंय की ह्ये," म्हणाली. पण नजर नावावरून काढेना. आम्ही तिघं किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. कॉम्प्युटर हँग झाल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. मग शेजारची गिरणी सुरू झाली, दिवा एकदा मिचकला आणि पडदा काळा झाला.

"गेलं?" आईनं विचारलं.

"गेलं," मामा म्हणाले. "पन बसली हुतीस का न्हाई?"

पुन्हा चालू झाल्यावर मी ती ओळ टाइप करायला घेतली, तर मामांनी अडवलं. म्हणाले, "गान्यात चालतं, रत्ने. छापायचं म्हनजे खरं पायजे. गिरजा कुटं बसली बाकावर? जागा मोकळी ठिव, मी बगतो." बघतो म्हणाले आणि त्यानंतर त्यांचं येणं झालंच नाही. छाती दुखते म्हणून घरच्यांनी एसटी बंद केली. मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. अशा वेळी खरं-खोटं बघायचं असतं का?

मामा गेल्यापासून आई रोज दुपारी दुकानात येते. मामांची पिशवी जिथं असायची तिथं, त्या बाकावर बसते. पहिले काही दिवस कॉम्प्युटर हँग झाला, मी करवादले, की उठून पडद्याशी यायची, ओळीओळीतून काहीतरी शोधायची आणि "न्हाई ह्यात," म्हणून परत जागेवर जायची. मला कळायला वेळ लागला. मशीन थांबलं की आपलं नाव दिसतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मग मी तिला रद्दी प्रूफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं ती तीन अक्षरं काढून दिली. ती गिरवत बसते. ज-चा काना अजून वाकडा जातो. गिऱ्हाईक आलं की जरा सरकते, उठत मात्र नाही.

काल पुस्तकाची फाइल उघडली. मोकळी जागा तशीच. झाकण काढलं, टेबलफॅन कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला, गिरणीवाल्याला थोडं थांबायला सांगितलं. 'दौलत म्हणे, गिरजा बसली, उघडा पुढचा धडा.' सेव्ह केलं. एकदा केलं, पुन्हा केलं, फ्लॉपीवर घेतलं. मग हाक मारली, "आई, ये, बघ. आता जायचं नाही."

आईनं गिरवता गिरवताच मान वर केली.

"हाय न्हवं आता तितं? मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी बसलीय हितं."