रिव्हर्समध्ये बारशाला

संतरामच्या दारात व्हॅन आली ती दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. पांढरी, आठ माणसांची, डाव्या अंगाला खरचटलेली. त्याचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडं. शेती हळदीची आणि सोयाबीनची, गोतावळा मोठा. कुठं लग्नकार्य निघालं की दोन मोटारसायकली आणि एक ऑटो करूनही कुणीतरी घरी राहायचंच. बहुतेक वेळा ती संतरामची बायको मंजुळाबाई असायची. "जनावरं कोन बघंल?" असं ती आपणच म्हणायची, म्हणून तिला कुणी फारसा आग्रहही केला नाही. व्हॅनला हार घातला त्या दिवशी संतराम म्हणाला, "आता कोनी मागं राहायचं न्हाई. जायचं तर समद्यांनी."

आणि खरंच सगळे जाऊ लागले. जनावरं शेजारच्या घरी सांगून मंजुळाबाईही निघायची. तिची जागा शेवटच्या बाकावर, डबे, पिशव्या आणि पाण्याच्या कॅनच्या मधे. तिथं ऊन लागायचं नाही आणि कुणी बोलायला लावायचं नाही, म्हणून तिला ती आवडायचीही.

यंदा माघात हळद काढणीला आली तेव्हा व्हॅनखाली अंगणात तेलाचा डाग पडायला लागला. तिसरा गिअर टाकताना करकर व्हायची. मुलगा मुन्ना म्हणाला, "बापू, गिअरबॉक्स दाखवून घ्या एकदा."

"जुनी गाडी हाय, बोलनारच," संतराम म्हणाला. "हळद शिजू दे, मग दाखवू." आणि त्यानं डागावर पोत्याचा तुकडा टाकला.

त्याच दिवसांत लेक पुनमला मुलगी झाली. पहिली खेप माहेरी व्हायची, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. सासर जवळा बाजारच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. बारशाच्या सकाळी व्हॅनच्या टपावर सागवानी पाळणा बांधला. पुढं संतराम आणि मुन्ना, मधे संतरामची थोरली बहीण कमलबाई आणि दोन भावजया, मागं मंजुळाबाई. डब्यात डिंकाचे लाडू. जवळा बाजारपर्यंत सगळं बराबर होतं.

आतला रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला हळद, दुसऱ्या बाजूला ऊस. पुनमचं गाव दोन-तीन किलोमीटरवर असताना समोरून उसानं भरलेली ट्रॉली आली. ट्रॅक्टर काही मागं सरकणार नव्हता, म्हणून संतरामनं रिव्हर्स टाकला आणि व्हॅन मागं घेत एका रिकाम्या रानाच्या तोंडाशी आत घातली. ट्रॉली निघून गेली. संतरामनं पहिला गिअर टाकायला दांडी ओढली, तर दांडी नुसती हलली, गिअर काही सुटला नाही. क्लच सोडला की व्हॅन मागंच जायची.

त्यानं दांडी ओढली, ढकलली, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. मुन्नानं दोन्ही हात लावले. व्हॅन आणखी चार हात रानात मागं गेली.

"पुढं जायचं सोडून हे काय करून राहिला रे?" कमलबाईनं विचारलं.

"आक्का, गिअर अडकला. पुढचा येकबी पडंना."

जावयाला, शिवशंकरला, मुन्नानं तीनदा फोन लावला. बारशाच्या गडबडीत कोण उचलतो. चालत जावं तर कमलबाईचे गुडघे, आणि टपावरचा पाळणा डोक्यावर नेणार कोण? संतराम उतरून चाकाजवळ उकिडवा बसला. चाकाला काही झालेलं नव्हतं, पण त्याला बायकांच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं.

रानाच्या कडेला हळद वाळत घालणारी एक बाई हे बघत होती. ती पारुबाई, रानाची मालकीण. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"मागं जाते ना गाडी?" तिनं विचारलं.

"मागंच जाते, मावशी. त्येच तर."

"मग तोंड फिरवा तिचं. हरभरा निघाला, रान मोकळंच हाय. येक चक्कर मारा आन् पाठमोरे जा."

संतराम चाकाजवळून उठला. मुन्ना हसायला लागला. पण मागून मंजुळाबाईचा आवाज आला, "बराबर सांगून राहिल्या त्या. चला."

अडचण एवढीच होती, की मागच्या काचेतून संतरामला काही दिसत नव्हतं. मंजुळाबाईनं पिशव्या आणि डबे पुढं भावजयांच्या मांडीवर दिले, शेवटच्या बाकावर गुडघे टेकले, आणि तोंड मागच्या काचेकडं केलं. मुन्ना वाटेतल्या माणसांना, ढोरांना बाजूला करायला पायीच धावत निघाला.

पारुबाईच्या रानात व्हॅननं ढेकळांवरून हिंदकळत उलटं रिंगण घेतलं आणि मागचं तोंड रस्त्याला लावलं. रस्त्यावर आल्यावर मंजुळाबाई ओरडली, "डावीकडं घ्या!" संतरामनं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं आणि व्हॅन थेट उसाकडच्या नालीवर गेली. भावजया किंचाळल्या. ब्रेक लागला.

"डावीकडं म्हनलं ना मी!"

"डावीकडंच घेतली की!"

"तुमची डावी येगळी, माझी डावी येगळी," मंजुळाबाई म्हणाली. तिनं क्षणभर विचार केला. "आता मी डावं-उजवं म्हननारच न्हाई. हळदीकडं म्हनते, न्हाईतर उसाकडं."

मग ते जमलं. "हळदीकडं घ्या. जराशी. बस. सरळ. आता उसाकडं, उसाकडं!" ऊस संपला तिथं विहीर होती, ती विहिरीकडं म्हणाली. पुढं बाभळ आली, बाभळीकडं म्हणाली. सुरुवातीला संतराम दर वेळी विचारायचा, "नक्की ना?" नंतर विचारेनासा झाला. आयुष्यभर कमी बोललेली ही बाई एवढ्या मोठ्यानं, एवढं नेमकं बोलू शकते हे त्याला ठाऊक नव्हतं. मधे इंजिन तापलं तेव्हा थांबून पाणी घातलं. कमलबाईनं लाडवाचा डबा उघडला. "बारशाला जाऊस्तोवर संपतेत बघा," मुन्ना म्हणाला.

गावात शिरताना पोरं व्हॅनच्या मागून, म्हणजे तिच्या पुढून, धावत सुटली. मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शिवशंकर पळत आला. "मामा, अशी काहून आणली गाडी?"

"तुमच्या सासूबाईंना इचारा," संतराम घाम पुसत म्हणाला. "आज त्याईनंच आणली."

पाळणा उतरला, बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं आणि पाठीवर धपाटे खाल्ले. मुलीचं नाव आरोही ठेवलं. पण बायकांच्या घोळक्यात त्या दिवशी बाळापेक्षा मंजुळाबाईला जास्त विचारणा होती. नाली कशी चुकली, ऊस कुठं संपला, हे ती हातवारे करून सांगत होती. पुनम बाळाला मांडीवर घेऊन आईकडं बघत राहिली. "माय, तू असं बोलत असतीस का गं?"

"रस्ताच तसा होता," मंजुळाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारचा मेकॅनिक दिपक आला. त्यानं खाली झोपून गाडी न्यूट्रलला आणली आणि ट्रॅक्टरला बांधून गॅरेजवर नेली. गिअरबॉक्स उघडला तर तेलाचा टिपूस नव्हता. गिअर सरकवणारा काटा वाकून बसला होता, दाते झिजले होते. संतरामला अंगणातला पोत्याचा तुकडा आठवला.

गॅरेजमध्ये सोनाजी नावाचा माणूस भेटला, त्याचीही तसलीच व्हॅन. "माझी दुसऱ्यात अडकली होती," तो म्हणाला. "नांदेडहून इथवर दुसऱ्यावरच आलो. सायकलवाले ओलांडून जात होते. येकानं तर इचारलं, मयताला चालले का?" दोघं चहा घेत हसले. सोनाजीनं गाडी विकायचं ठरवलं होतं, पण लेकरांनी विकू दिली नाही. संतरामलाही दहा जणांनी विकून टाका म्हणून सांगितलं. त्यानं घरी तसं म्हणून बघितलं, तेव्हा मंजुळाबाईनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "मग समदे कशात जानार?" विषय तिथंच संपला. नांदेडच्या भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आला. तो बसायला महिना गेला, आणि तोवर हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन बाजारात गेली.

गाडी घरी आली तेव्हा मंजुळाबाई अंगणात उभी होती. तिनं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

"हे काय?" संतराम म्हणाला.

"मागं बघून येवढी आणली. पुढं बघून काहून न्हाई येनार?"

मुन्नानं तिला खळ्यावर शिकवलं. पहिले आठ दिवस व्हॅन बेडकासारखी उड्या मारत होती आणि कोंबड्या आसपास फिरकत नव्हत्या. संतराम शेजारी बसून दात-ओठ खात होता. तिनं त्याला खाली उतरवलं, "तुमी बसले की मला भेव वाटते," म्हणाली. लायसनच्या परीक्षेत साहेबानं तिला आठ आकड्याच्या वाटेवरून गाडी काढायला सांगितली. तिनं ती एकदाही न थांबता काढली. साहेबानं कुठं शिकलात म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "बारशाला जाताना."

नव्या गिअरबॉक्सचा पाचवा थोडा गुणगुणतो. दिपक म्हणतो चालायचंच, तेल मात्र बघत जा. आता तेल मंजुळाबाईच बघते.

परवा ती बाळापूरच्या बाजारातून सरकी घेऊन परतत होती. फाट्यावर तीन बायका एसटीची वाट बघत उभ्या होत्या. व्हॅन थांबली तशा त्या पुढं आल्या आणि आत वाकून बघायला लागल्या.

"ड्रायव्हर कुठं गेला, बाई?" एकीनं विचारलं.

"मीच हाव," मंजुळाबाई म्हणाली. "बसा. दार तेवढं जोरानं ओढा, त्ये सैल हाय."